पंचाहत्तरीचं जेवण : पुण्यातले तीन दिवस

बाबांना या जानेवारीत पंचाहत्तर पूर्ण झाली. सोलापुरात कार्यालय घेऊन सत्कार, शाल-श्रीफळ असलं काही करायची त्यांची अजिबात तयारी नव्हती. "मला एकदा पुण्याला न्या. माझं कॉलेज नातीला दाखवतो, आणि एके दिवशी सगळे मिळून निवांत जेवू," एवढंच त्यांचं मागणं होतं. १९६९ ते १९७३ अशी चार वर्षं ते फर्ग्युसनला शिकले. त्यानंतर पुण्याला गेले ते कुणाच्या लग्नाकार्यापुरतेच.

कॉलेज बघून झालं. जेवणाचं मात्र जे झालं ते परत येऊन तीन आठवडे झाले तरी मनातून जात नाही. म्हणून सगळं लिहून काढते आहे. ज्यांच्या घरी इन्सुलिन घेणारं माणूस आहे, त्यांनी दुसऱ्या दिवसाचं तरी जरूर वाचावं.

पहिला दिवस, शुक्रवार

सोलापूरहून सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस. बाबा, आई, मी, माझा नवरा आणि सातवीतली लेक. गाडीत बसल्या बसल्या बाबांनी नातीला विचारलं, "या गाडीला हुतात्मा का म्हणतात, माहिती आहे का?" तिला चार पुतळ्यांचा चौक माहीत होता, पण त्यांची नावं येत नव्हती. मग कुर्डुवाडी येईपर्यंत तेच चाललं होतं. १९३० सालचा सोलापूरचा मार्शल लॉ, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात दिलेली फाशी. "म्हणजे आपण चाललोय त्याच गावात?" लेकीनं विचारलं. बाबा हो म्हणाले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. भिगवणच्या आसपास उजनीचं पाणी दिसायला लागलं. वर धुक्याचा पातळ थर होता. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी येतात, पण धावत्या गाडीतून आम्हाला काही ते दिसले नाहीत.

पुण्यात उतरल्यावर रिक्षाच्या भानगडीत पडलो नाही. स्टेशनला लागूनच मेट्रोचं स्टेशन आहे, तिथून थेट डेक्कन जिमखाना. सगळीकडे लिफ्ट आहे, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर मेट्रोच बरी. फक्त स्वारगेट किंवा मंडईकडे जायचं असेल तर मध्ये जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलावी लागते, आणि तिथे चालणं बरंच आहे. म्हातारं माणूस असेल तर थोडा वेळ जास्तीचा धरा.

संध्याकाळी चारच्या सुमारास फर्ग्युसनच्या फाटकाशी गेलो. सुरक्षारक्षकानं अडवलं, ते त्याचं कामच आहे. बाबांनी सांगितलं, "मी इथला. त्र्याहत्तर सालचा." त्या माणसानं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, वहीत नाव लिहून घेतलं आणि स्वतःची खुर्ची पुढे केली. म्हणाला, "आधी बसा काका, मग जा आत." हा पहिल्या दिवसाचा सगळ्यात चांगला क्षण. कॉलेज १८८५ चं, पण बाबांना बघायच्या होत्या त्या दगडी इमारतीच्या पायऱ्या, जिथे बसून ते घरची पत्रं वाचायचे. पायऱ्या होत्या. बसले. लेकीनं फोटो काढला.

परत येताना ते खानावळीबद्दल बोलायला लागले. सदाशिव पेठेतल्या एका बोळात पहिल्या मजल्यावर त्यांची खानावळ होती. तिथे एक वाढपी होते, सगळी मुलं त्यांना मामा म्हणायची. "आमटीत डाळ शोधावी लागायची," बाबा म्हणाले, "पण मामा पंगतीत फिरताना ताटाकडे बघायचे नाहीत, तोंडाकडे बघायचे. कुणाचं काय बिनसलंय ते त्यांना आधी कळायचं." ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्या दिवशी मात्र मी ती वेगळ्या कानांनी ऐकली, कारण दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची जागा मी ठरवली होती.

हॉटेल मी चार दिवस शोधलं होतं. मराठी जेवण, बसायला ऐसपैस, फोटो सुंदर. रात्री फोन करून शनिवारी आठला पाच जणांचं टेबल पक्कं केलं आणि दोन गोष्टी मुद्दाम विचारल्या. भाकरी मागितल्यावर थापता का? हो, ताजी. वडिलांना मधुमेह आहे, जेवणाला उशीर चालणार नाही. काळजीच करू नका मॅडम.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी चांगलीच थंडी होती. सोलापूरकराला पुण्याची जानेवारीतली सकाळ बोचतेच. बाबा कानटोपी घालून तयार होते.

शनिवारवाडा बाहेरूनच पाहिला. दिल्ली दरवाजावरचे खिळे लेकीनं बोटानं मोजायला घेतले, एवढंच. खरा वेळ गेला तो बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. दिनकर केळकरांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. ते 'अज्ञातवासी' या नावानं कविता करायचे. मस्तानी महालापाशी गर्दी होती, पण आई अडकली ती स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी. विळ्या, अडकित्ते, किसण्या, पितळी भांडी. रोजची भाजी चिरायची विळी, तिलाही कुणीतरी आकार देऊन, नक्षी करून ठेवलेलं. आई काचेला नाक लावून म्हणाली, "बघ, कुणाच्या तरी हातासाठी केलंय हे." आम्ही तासभर तिथेच होतो. (वरच्या मजल्यांना जिने आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालचा मजला सावकाश बघावा, तो पुरेसा आहे.)

दुपारी मंडईत गेलो. त्या आठ कोनी मनोऱ्याखाली भोगीच्या भाजीचे ढीग लागले होते. पावटे, ओले हरभरे, गाजरं, वांगी, बोरं. संक्रांत चार-पाच दिवसांवर आली होती. बाबांनी दुपारी मुद्दाम थोडंच खाल्लं. "रात्री नीट जेवायचंय," असं म्हणाले.

आता रात्रीचं.

बरोबर आठला पोचलो. दारात रांगोळी, दोन्ही बाजूंना पितळी समया, पगडी घातलेला एक मुलगा नमस्कार करायला उभा. आत भिंतीवर सुपं आणि विळ्या टांगलेल्या. सकाळच्या विळ्या डोळ्यांसमोर असल्यामुळे या भिंतीवरच्या मला उगीच केविलवाण्या वाटल्या. टेबल तयार नव्हतं. "पाच मिनिटं," असं सांगून आम्हाला दाराजवळच्या बाकावर बसवलं. दार उघडलं की गार वारा थेट बाबांच्या अंगावर येत होता. आमच्यानंतर आलेली दोन कुटुंबं आत गेली. मी तीनदा विचारलं. व्यवस्थापकानं तिन्ही वेळा माझ्याकडे न बघता "पाच मिनिटं" म्हटलं. टेबल मिळालं तेव्हा आठ पस्तीस झाले होते, आणि ते हात धुवायच्या जागेला लागून होतं.

पावणेनऊला आम्ही जेवण सांगितलं. ऑर्डर घ्यायला आलेला मुलगा विशीचा असेल. आमचं बोलणं ऐकून म्हणाला, "काका, सोलापूरचे का तुम्ही? मी परांड्याचा." बाबांचा चेहरा त्या रात्री पहिल्यांदा खुलला. परांडा म्हणजे बार्शीच्या पलीकडे, आमच्या शेजारचंच. भरली वांगी, पिठलं, ठेचा, आईसाठी बाजरीची भाकरी, बाबांसाठी ज्वारीची, लेकीला पुरणपोळी. किती वेळ लागेल, असं मी व्यवस्थापकाला विचारलं. कारण बाबांना जेवणाआधी सुई घ्यावी लागते, हे मी त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "दहा-पंधरा मिनिटांत ताट येतं."

त्या शब्दावर आईनं डबीतून इन्सुलिन काढलं. आठ पंचावन्नला बाबांनी सुई घेतली.

सव्वानऊ झाले, काही नाही. पंचवीस, काही नाही. शेजारच्या मोठ्या पंगतीत कुणाचा तरी वाढदिवस होता, सगळी माणसं तिकडे धावत होती. माझा नवरा उठून दोनदा सांगून आला. साडेनऊला माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते बोलायचे थांबले होते. वर एसी चालू असताना कपाळावर घाम होता आणि हातातल्या रुमालाची घडी त्यांना घालता येत नव्हती, बोटं थरथरत होती. आईनं बोट टोचून साखर मोजली. ५८.

मी जागेवरून ओरडलेच, "साखर आणा कुणीतरी!" व्यवस्थापक गल्ल्यावर फोनवर बोलत होता, त्यानं हातानं 'थांबा' अशी खूण केली. परांड्याचा मुलगा हातातला ट्रे शेजारच्या टेबलावर तसाच ठेवून आत पळाला आणि वाटीभर साखर, चमचा आणि पाणी घेऊन आला. बाबांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. "काका, हळूहळू घ्या," म्हणत त्यानंच ग्लास धरला, कारण माझे हात बाबांपेक्षा जास्त कापत होते.

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा ८४ आली. बाबा म्हणाले, "काही नाही गं, बरं वाटतंय." आई मात्र डबीचं झाकण लावायचं म्हणून नुसतं हातात धरून बसली होती.

हे मधेच सांगते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की बाहेर जेवताना ताट समोर दिसल्याशिवाय सुई घ्यायची नाही, मग हॉटेलवाला काहीही सांगो. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर किंवा तेवढं ग्लुकोज लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी मोजायचं, तरी कमी असेल तर पुन्हा द्यायचं, आणि वर आली की काहीतरी पोटभरीचं खायला घालायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. आणि ग्लुकोजची पुडी पर्समध्ये हवीच. आमची लॉजवरच्या मोठ्या पिशवीत राहिली होती. ती चूक माझी.

जेवण आलं ते नऊ चाळीसला, म्हणजे दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात.

आईनं भाकरी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि हळूच म्हणाली, "ही दुपारची आहे." भाकरीला पापुद्रा सुटलेला नव्हता. कडा तडकलेल्या, मधे जाड आणि चामड्यासारखी चिवट. दुपारी करून रचून ठेवलेली भाकरी पुन्हा तापवली की अशीच होते. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो. म्हणून पीठ ताजं हवं, कढत पाण्यात मळायला हवं आणि तव्यावरून ती सरळ ताटात पडायला हवी. पिठाची विरी, म्हणजे धरून राहायचा गुण, गेली की कितीही थापा, भाकरी तुटतेच. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, हात लावला की कळतं. आईसाठी सांगितलेली बाजरीची भाकरी आलीच नव्हती, तिच्याऐवजी तांदळाची होती.

भरली वांगी म्हणजे तळलेली वांगी लाल रश्श्यात सोडलेली. त्यात भरलेलं काहीच नव्हतं. शेंगदाण्याचं कूट नाही, तीळ नाही, काळा मसाला नाही. रस्सा गोडसर होता, त्यात काजूची पेस्ट होती आणि वांगं देठाशी कच्चं होतं. पिठल्यात गुठळ्या, आणि वरून लसणाची फोडणी ओतलेली, ती न मिसळता तशीच तरंगत होती. ठेचा फ्रिजमधून काढलेला, इतका गार की तिखट लागायलाही वेळ लागला. लेकीच्या पुरणपोळीला वनस्पती तुपाचा वास येत होता. तिनं एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघून ताट बाजूला सारलं. एरवी मी तिला ताटात टाकू देत नाही.

बाबांना लगेच खाणं भाग होतं. त्यांनी ती भाकरी पिठल्यात बुडवून बुडवून खायचा प्रयत्न केला. त्यांना कवळी आहे. दोन मिनिटं एक घास चघळताना मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला रडू यायला लागलं. शेवटी त्या मुलानं न सांगता वरणभात आणून ठेवला. तो गरम होता. बाबा तोच जेवले. पंचाहत्तरीचं जेवण म्हणजे एक वाटी वरणभात.

मी व्यवस्थापकाला बोलावलं. शांतपणे सांगितलं की भाकरी शिळी आहे, बाजरीची आलीच नाही, तुम्ही दिलेल्या वेळेवर विसंबून वडिलांनी सुई घेतली आणि पाऊण तास ताट आलं नाही. तो भाकरीकडे बघून म्हणाला, "मॅडम, सोलापूरकडे कडकच भाकरी खातात ना?"

यावर बाबा बोलले. आवाज अजून बारीक होता, पण शब्द स्पष्ट. "कडक भाकरी वेगळी. ती पातळ थापतात, निखाऱ्यावर सावकाश वाळवतात, महिनाभर टिकते. ती केलेली असते. ही उरलेली आहे."

त्या माणसाकडे उत्तर नव्हतं. तो वळला आणि त्या परांड्याच्या मुलावर ओरडायला लागला, आमच्यासमोर, सगळ्या हॉटेलासमोर. तुला ऑर्डर नीट घेता येत नाही, ट्रे कुठे टाकून गेलास, त्या टेबलाची तक्रार आली, आजची हजेरी कापतो. मुलगा खाली मान घालून उभा. बाबा टेबलाला धरून उठले. "त्याला काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "तुमच्या या हॉटेलात एकच माणूस मला बघत होता. तो हा." आजूबाजूची टेबलं गप्प झाली. व्यवस्थापक आत निघून गेला. माफीचा एक शब्दही त्याच्या तोंडून निघाला नाही.

बिल आलं. जेवणाचे २,८६०, त्यावर दहा टक्के सेवा शुल्क २८६, आणि या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. मी सेवा शुल्क काढायला सांगितलं. "ते आमच्याकडे सगळ्यांनाच असतं, मेनूवर लिहिलंय." मेनूवर लिहिलं म्हणून ते बंधनकारक होत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यानुसार हॉटेलला सेवा शुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, ते पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर असतं. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, पण २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं या सूचना कायम ठेवल्या. जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो. सेवा शुल्क हा कर नाही. हे मी त्याला सांगितलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फोनवर लावायला घेतला, तेव्हा त्यानं नवीन बिल काढलं. ३,००३ रुपये. तुमच्यावर अशी वेळ आली तर पैसे भरायच्या आधी बिल दुरुस्त करून घ्या, आणि जुन्या बिलाचा फोटो काढून ठेवा.

बाहेर रिक्षाची वाट बघत होतो तेव्हा बाबांनी मला थांबायला सांगितलं. मागच्या दारानं कचऱ्याची पिशवी टाकायला तो मुलगा बाहेर आला होता. बाबा त्याच्याकडे चालत गेले. मी मागे गेले, कारण त्यांच्या पायात अजून जोर नव्हता. बाबांनी त्याच्या खिशात तीनशे रुपये ठेवले. तो घेईना. मग म्हणाला, "काका, बिलात लावतात ते पैसे आमच्यापर्यंत येत नाहीत." दोन महिन्यांपूर्वी तो आलाय, सकाळी अकराला येतो ते रात्री बारापर्यंत. घरी कुणाला साखर आहे का, असं बाबांनी विचारलं. "आजीला होती. म्हणूनच मला लगेच कळलं." एवढं बोलून तो आत पळाला.

म्हणून मी त्या हॉटेलचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर खापर कुणावर फुटेल ते मी त्या रात्री पाहिलंय. तक्रार मी हॉटेलच्या पत्त्यावर सविस्तर पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही.

तिसरा दिवस, रविवार

सिंहगडाचा बेत होता. गडावरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही लेकीला खायचं होतं, पण आई "नको" म्हणाली आणि कुणीच आग्रह केला नाही. लेक हिरमुसली, ते मला दिसत होतं. तिला पुढच्या खेपेचं कबूल केलंय.

बाबा मात्र सहालाच उठून बसले होते. साखर नीट होती. "चल, खानावळ बघून येऊ," म्हणाले. मी आणि ते दोघंच निघालो. सदाशिव पेठेत रविवारी सकाळी फारशी वर्दळ नसते. दुधाच्या पिशव्या, पेपरवाले, एखाद्या वाड्याच्या जागी उभी राहिलेली नवी इमारत. त्यांच्या बोळातही तेच झालं होतं. खाली पार्किंग, वर पाच मजले. बाबा पार्किंगच्या तोंडाशी उभे राहून वर बघत होते. पहिल्या मजल्यावर कुणाचे तरी टॉवेल वाळत होते.

कोपऱ्यावर अमृततुल्य होतं. पितळी स्टोव्हवर चहा उकळत होता, आल्याचा आणि वेलदोड्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. बिनसाखरेचा मागितला तर चहावाल्यानं वेगळं पातेलं ठेवून करून दिला. तिथे बाकावर बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. बाबांनी खानावळीचं विचारलं. ते गृहस्थ पेपर खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही जेवायचात तिथे? मी समोरच्या वाड्यातला."

मग पाऊण तास मी नुसती ऐकत होते. त्यांना मामा आठवत होते. मामा कोकणातले, एकटे, खानावळीतच एका कोपऱ्यात झोपायचे. बाबांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही कधीच ऐकली नव्हती. १९७२ च्या दुष्काळात दोन महिने घरून पैसे आले नाहीत, तेव्हा बाबा खानावळीत जायचं टाळायला लागले. तिसऱ्या दिवशी मामा त्यांच्या खोलीवर आले आणि म्हणाले, "तुझं ताट झाकून ठेवतो रोज. ये नाहीतर येऊ नको, मी झाकून ठेवणार." बाबा पुन्हा जायला लागले. पैसे चार महिन्यांनी फिटले. त्या दिवसांत आमटी आणखी पातळ झाली होती, भाकरीऐवजी लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, जाड रोट्या असायच्या. "चवीला काही म्हणजे काही नव्हतं," बाबा म्हणाले. ते गृहस्थ म्हणाले, "खरंय, अगदी वाईट असायचं जेवण," आणि दोघंही डोळे पुसत होते.

मला रात्रीपासून वाटत होतं की माझी निवड चुकली, आणखी दोन दिवस शोधलं असतं तर चांगलं हॉटेल सापडलं असतं. त्या बाकावर बसून ऐकताना कळलं की बाबांना बोचलं होतं ते भाकरीचं नव्हतंच. व्यवस्थापकानं हातानं 'थांबा' केलं ते त्यांनी पाहिलं होतं. चहाचा ग्लास खाली ठेवताना ते तेवढंच बोलले, "त्यानं बघितलं नाही गं माझ्याकडे. बघितलं असतं तर तोही उठला असता."

दुपारी आईला तुळशीबागेत नेलं. तिनं लेकीसाठी पितळेची भातुकली घेतली, खऱ्या विळीएवढीच नीट केलेली इवलीशी विळी त्यात आहे. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, जमलं तर आठवड्यातल्या मधल्या वारी जा. वयस्कर माणसांना टेकायचं असेल तर आतल्या राममंदिराच्या आवारात जावं, बाजाराच्या मधोमध असूनही शांत आहे. आम्ही बाबांना तिथेच बसवलं होतं.

सहाची हुतात्मा पकडली. दौंड गेलं तोवर अंधार पडला होता. आईनं सोलापूरहून आणलेला डबा काढला. कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि स्टेशनवर घेतलेलं दही. तिनं ताटली बाबांच्या मांडीवर ठेवली, भाकरी दह्यात चुरली, वर चटणी घातली, चमचा हातात दिला. मग डबीतून सुई काढली.